कुणी उचलायचं

आमच्या दवाखान्यात एखादं जनावर गेलं, की डॉक्टर मॅडम हात धुतात, मामा चहा ठेवतात आणि मी फरशी पुसते. हे कुणी ठरवलेलं नाही. कधीतरी पहिल्यांदा असं झालं असेल, मग तसंच होत राहिलं. चहा संपेपर्यंत कुणी बोलत नाही. नंतर मामा काहीतरी सांगतात, कांद्याचं किंवा त्यांच्या मेव्हण्याचं, आणि आम्ही हसतो. मागच्या शेडमध्ये त्या जनावराचा मालक अजून उभा असतो. त्याला आमचं हसू ऐकू जात असणार. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. पुढं काहीच वाटेनासं झालं.

दवाखाना शिरूरहून दौंडला जाणाऱ्या रस्त्यावर, एका फाट्याजवळ आहे. पुढं शटरचा गाळा, त्यात कुत्री-मांजरं तपासायचं चाकांचं टेबल. मागं पत्र्याची शेड, तिथं गाई, म्हशी, बैल. माणसं तिघंच. मॅडम पुण्यात शिकलेल्या, दवाखाना त्यांचा. मामा म्हणजे आमचे मदतनीस, मेंढरं राखणाऱ्या घरातले. जनावर धरायचं, आडवं पाडायचं काम त्यांचं. आणि मी, पशुधनाचा डिप्लोमा करून इथं लागलेली.

आमच्याकडं उघड रडणारी माणसं कमी. बहुतेक जण उलट बोलतात. ‘कुत्रंच हाय ओ,’ असं म्हणतात आणि तिथून हलत नाहीत. गाय गेली तर ती किती खोडील होती ते सांगत बसतात. एका बाईंची मांजर टेबलावर गेली, तेव्हा त्या आम्हालाच म्हणाल्या की तुमचं जेवण राहिलंय, तुम्ही जेवून घ्या. आम्ही खरंच जेवलो. त्या बाकावर बसून राहिल्या.

अशातच एकदा रांजणगावच्या एमआयडीसीतला एक कामगार आला. उत्तरेकडचा, ठेक्यावर लागलेला. त्याच्या खोलीबाहेर राहणारं एक कुत्रं कंपनीच्या बसखाली सापडलं होतं. मॅडमनी बघितलं, काही उरलं नव्हतं. त्यानं विचारलं, “मॅडम, अब क्या करना है?” आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. पुरायचं कुठं, हे तो विचारत नव्हता. आता काय करतात, असं तो विचारत होता, आणि आम्हाला सांगता येत नव्हतं. शेवटी त्यानं अंगातला कंपनीचा शर्ट काढला, त्यात कुत्रं गुंडाळलं आणि दोस्ताच्या गाडीवर मागं बसून मांडीवर घेऊन गेला.

त्या दिवशी मॅडम चहाला आल्या नाहीत. त्यांच्या कारमध्ये एसी लावून बसल्या होत्या. मी कप घेऊन काचेवर टकटक केली. त्यांनी काच खाली घेतली आणि म्हणाल्या, तू लिहितेस ना, मग एक कागद लिही. जनावर गेल्यावर माणसानं काय करायचं ते. आपल्याला बोलता येत नाही, निदान हातात तरी देता येईल.

मी लिहिते म्हणजे पत्रकं लिहिते. आमच्या घरात दुसरं काही लिहिलं गेलेलं नाही. वडील रांजणगावलाच एका कंपनीत. पाळी संपवून आले की पिशवीतून गठ्ठा काढायचे: युनियनचं, जयंतीचं, वस्तीतल्या नळाचं, शिष्यवृत्तीचं. आम्ही भावंडं जेवणाआधी घड्या घालायचो. गोष्टीची पुस्तकं घरात नव्हती, म्हणून मी पत्रकंच वाचली. पत्रकाला एक विरोधक लागतो, एक मागणी लागते आणि शेवटी ठिकाण नि वेळ लागते. मेलेल्या कुत्र्याच्या कागदात यातलं काय घालणार? माझा पहिला मसुदा ‘पशुपालक बंधू-भगिनींनो’ असा सुरू झाला. तिसऱ्याच ओळीत ‘आता गप्प बसून चालणार नाही’ आलं. मॅडम खूप वेळ हसल्या. मामांना वाचून दाखवला, तर ते म्हणाले, झकास आहे, पण मोर्चा कुठून निघणार तेवढं टाक.

दुसऱ्या वेळी मी लहान वाक्यं लिहिली. तुमचं जनावर गेलं आहे. घाई नाही, बसा. इथं रडलं तरी चालतं. दावं किंवा गळ्यातला पट्टा मागून घ्या, नंतर तो हवासा वाटतो. पुरायचं असेल तर खड्डा खोल घ्या आणि मीठ टाका. घरातल्या मुलांना खोटं सांगू नका. आणि शेवटची ओळ अशी होती: आपल्या जनावराला आपणच उचलावं.

मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की त्या वेळी माणसाचे पाय लटपटत असतात. अशा माणसाला तू उचल म्हणून सांगायचं, तर मग आपण कशाला आहोत?

“आपण म्हणजे कोण?” मी विचारलं.

त्यांनी ओळीवरचं बोट काढलं. कारण आपण म्हणजे मामा, हे दोघींनाही माहीत होतं.

मी नोकरीला लागले तेव्हाच एक अट घातली होती. शेण काढीन, रक्त पुशीन, रात्री-बेरात्री सलाईन धरून उभी राहीन, जिवंत जनावर कितीही मोठं असो, उचलीन. मेलेल्याला हात लावणार नाही. माझं गाव मांडवगण फराट्याच्या अलीकडचं. नाव लिहीत नाही, कारण अशी गावं खूप आहेत. त्या गावात कुणाचं ढोर मेलं की आमच्या वस्तीला सांगावा यायचा आणि आमच्या माणसांनी ते ओढून न्यायचं. मजुरी नव्हती, विचारणं नव्हतं, जन्मानं आलेलं काम होतं. माझ्या आजोबांच्या पिढीनं एक दिवस नाही म्हटलं. गावानं त्यांचं पाणी तोडलं, रानातलं काम तोडलं, दुकानातलं मीठ बंद केलं. तरी ते परत गेले नाहीत. दर वर्षी जयंतीच्या पत्रकात ही हकिगत येते. मी ती पाठ करून मोठी झाले. मला ती अभिमानाची गोष्ट आहे. आजही आहे.

मॅडमनी अट ऐकली आणि बरं म्हणाल्या. त्यांना विचार करायला वेळ लागला नाही, कारण हा विचार त्यांना आयुष्यात कधी करावा लागलेला नव्हता. मग उचलायचं काम मामांवर आलं. मामा एकदा गाईच्या मागच्या पायांना दोरी लावताना मला म्हणाले, “तुझ्या आज्यानं सोडलं. माझ्या आज्यानं तर कवा धरलंच नव्हतं. आन् आता वडतोय कोण, तर मी.” ते हसत होते. मीही हसले. पण म्हणूनच ती ओळ मी लिहिली होती. एका जातीनं सोडलेलं काम दुसऱ्या गरिबाच्या पाठीवर टाकायचं, हा काही न्याय नाही. ज्याचं जनावर, त्यानं उचलावं.

मॅडम म्हणाल्या, हे पत्रक आहे, सभा नाही. मी म्हणाले, ती ओळ निघणार असेल तर मी लिहिलंच नाही असं समजा. कागद टेबलाच्या खणात गेला. नंतर मामांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि ते सुट्टीवर गेले. ते कशानं झालं, यावर मॅडम बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

मामा नसतानाच आप्पा आले. आमच्याच गावचे, मोठ्या बागायती घरातले, सत्तरी ओलांडलेले. गावातले सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मी त्यांना लांबून ओळखत होते, ते मला ओळखत नव्हते. बायको गेलेली, मुलं हडपसरला. ते रानातल्या वस्तीवर एकटेच राहतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. दुपार कलत होती. पिकअप स्वतः चालवत आले. मागं त्यांचं कुत्रं होतं, वासराएवढं, तांबूस, तोंडावर पांढरं झालेलं. गळ्यात खिळ्यांचा पट्टा. आमच्याकडं उसात बिबट्या असतो, तो कुत्र्याचा गळाच धरतो, म्हणून रानातल्या कुत्र्यांना असा पट्टा घालतात. आप्पा सांगत होते, एकदा बिबट्यानं याला धरला होता, पण पट्ट्यामुळं त्याचंच तोंड फाटलं.

कुत्र्याला उभं राहवत नव्हतं. मॅडम पुढून, आप्पा मधून आणि मी मागचे पाय धरून, असं आम्ही त्याला टेबलावर घेतलं. जिवंत होतं, त्यामुळं मला त्यात काही नव्हतं. टेबलावर ठेवल्यावर आप्पांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “कुणाची गं तू?”

मी गाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं. ते “बरं, बरं,” म्हणाले आणि कुत्र्याच्या कानाकडं बघायला लागले. आमच्याकडं हा प्रश्न एवढ्यावरच संपतो. दोघांनाही पुढचं सगळं कळलेलं असतं.

मॅडमनी सांगितलं, मूत्रपिंडं संपली आहेत. आप्पा सलाईनचं विचारत राहिले. मग त्यांनी विचारलं, याला दुखतंय का. मॅडम हो म्हणाल्या. त्यावर ते म्हणाले, मग सोडवा त्याला. मी पट्टा काढायला वाकले, तर त्यांनी मला थांबवलं. खिळं लागत्याल तुला, म्हणाले, आणि स्वतः काढला. मॅडमनी इंजेक्शन दिलं. कुत्र्यानं एकदा पाय लांब केले, झोपेत करतात तसे. मॅडमनी स्टेथोस्कोप लावला. गरज नसली तरी त्या एकदा लावतात, मालकासाठी.

त्या हात धूत असतानाच फोन आला. नदीपलीकडून, राहूहून. गाईला वासरू अडकलं होतं. जिवंत जनावर थांबत नाही. मॅडमनी बॅग उचलली, दारात थांबल्या, टेबलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, जमेल ना? मी हो म्हणाले. काय जमेल, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग मी, आप्पा आणि ते कुत्रं. फरशी स्वच्छ होती, तरी मी पुसली. चहा ठेवला. आप्पांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग फोन लावले. पुतण्या रांजणगावला पाळीवर, त्यानं उचलला नाही. मुलानं उचलला, पण मीटिंगमध्ये होता. फोन कशासाठी होता, ते आप्पा त्याला बोललेच नाहीत. जेवलास का, एवढंच विचारून ठेवला. मी म्हणाले, समोर गॅरेज आहे, तिथून कुणाला बोलावू का. ते नको म्हणाले.

“अनोळखी माणसाचा हात नको त्याला. चावायचा तो अनोळख्याला.”

थोड्या वेळानं ते उठले. दोन्ही हात कुत्र्याखाली घातले आणि जोर लावला. कुत्रं टेबलापासून जरासं सुटलं, आप्पांचे गुडघे वाकले आणि ते पुन्हा टेबलावर आलं. पुन्हा एकदा तसंच झालं. ते स्टुलावर बसले. दिवस मावळायच्या आत रानात नेऊन पुरायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. माझे हात पुढं गेले नाहीत. मला वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. कानात पंख्याचा आवाज होता, तेवढाच.

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. “तू नको हात लावू,” ते म्हणाले.

“का?” माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा वर गेला.

ते कुत्र्याच्या पाठीवरचा वाळलेला चिखल नखानं काढत राहिले.

“आमचा एक बैल मेला हुता. म्या शाळंत बी जात नव्हतो. तुझ्या आज्याकडं सांगावा धाडला बापानं. आलं न्हाईत ते.”

मी म्हणाले, माहीत आहे.

“तुमच्यात सांगत्यात तेवढं माहीत असंल तुला. तो बैल गोठ्यात तसाच पडून हुता. त्याच्या पाठीवर बसून हिंडायचो मी. बापानं हात लावला न्हाई. चुलत्यानं न्हाई. मला बी जाऊ दिलं न्हाई. वास सुटला. मग गोठ्याच्या दारात गिधाडं येऊन बसली. तुझ्या आज्याचं काय चुकलं न्हवतं. आमच्यातच कुणाचा हात होईना. म्हणून म्हनलं, तू नको. माझं मी बघतो.” मग कुत्र्याकडं बघून म्हणाले, “पर उचलंना गं.”

पत्रकात ही हकिगत आमच्या ‘नाही’पाशी सुरू होते आणि बहिष्कार उठल्यापाशी संपते. बैलाचं पुढं काय झालं, ते त्यात नाही. असायचं कारणही नाही. तो बैल आमचा नव्हता.

मी आप्पांना म्हणाले, पिकअप मागं घ्या, शेडच्या दारापर्यंत. त्यांनी घेतली. मी हात दाखवत राहिले, अजून, अजून, बास. फाळका पाडला तर तो टेबलाच्या जवळपास बरोबरीत आला. कुत्र्याखाली ताडपत्री सरकवली, ती आप्पांनी. टेबल मी गाळ्यातून शेडच्या दारापर्यंत ढकललं. टेबल म्हणजे टेबल, त्यात काही नाही. फाळक्याला टेकवून मी ते अंगानं दाबून धरलं, आप्पा पिकअपमध्ये चढले आणि बसून, पाय रोवून, ताडपत्री ओढायला लागले. कुत्रं हळूहळू सरकत होतं. पाठ गेली, छाती गेली. तेवढ्यात टेबलाची चाकं फिरली, टेबल मागं सरलं, मध्ये फट पडली आणि कुत्र्याचं डोकं त्या फटीत लोंबायला लागलं.

माझा हात त्याखाली गेला. मी ठरवलं नव्हतं. डोकं मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं, आणि अजून गरम होतं. जबड्याखालचे केस मऊ होते, पट्ट्यानं घासलेल्या जागी मात्र केस नव्हते. मी तसंच धरून उभी राहिले. आप्पांनी ओढायचं थांबवलं. ते गुडघ्यांवर पुढं सरकत आले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली.

“दे,” ते म्हणाले.

मी दिलं. त्यांच्या ओंजळीखाली एक क्षण माझी ओंजळ राहिली, मग मी ती काढून घेतली.

त्यांनी ताडपत्रीची टोकं वर घेतली. खिळ्यांचा पट्टा पुढच्या सीटवर ठेवला. मयताच्या घरून निघताना आमच्याकडं ‘येतो’ म्हणत नाहीत. ते काही न बोलता गाडीत बसले, मीही ‘या’ म्हटलं नाही. पिकअप मांडवगणच्या रस्त्याला लागली. मी हात धुतले. बाहीवर तांबूस केस होते, ते तसेच राहिले. काढायचं लक्षात आलं नाही.

मॅडम संध्याकाळी आल्या. वासरू गेलं, गाय वाचली, म्हणाल्या. मग विचारलं, कुणी उचललं?

“त्यांनीच.”

“एकट्यांनी?”

“डोकं मी धरलं.”

त्या हात धुवायला गेल्या. मी चहा ठेवला. संपेपर्यंत आम्ही बोललो नाही. संपल्यावर हसवायला मामा नव्हते, म्हणून आणखी थोडा वेळ तशाच बसलो. मग मॅडमनी खणातून तो कागद काढला आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. मी शेवटची ओळ खोडली नाही. तिच्यापुढं एक जोडली. आपल्या जनावराला आपणच उचलावं. जड झालं तर सांगा, एक बाजू आम्ही धरू.

त्यांनी वाचलं. “आम्ही म्हणजे कोण?” आता त्यांनी विचारलं.

“तुम्ही पण,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मामा कामावर परतले तेव्हा त्यांना वजन उचलायची मनाई होती. त्याच दिवसांत शेडमध्ये एक कालवड गेली. मालकानं आणि त्याच्या भावानं पुढून धरली, मॅडम मागच्या एका पायाला लागल्या. मामा बाकावरून बघत होते. ‘आता डॉक्टरीण बाई कामाला लागल्या,’ एवढं बोलून त्यांनी चहा ठेवला. त्या दिवशी मी काय केलं, हे लिहायला मला जड जात नाही आणि सोपंही वाटत नाही. मागचा दुसरा पाय मी धरला. अट अजून आहे. कुणी हुकूम केला तर हात लावणार नाही. कुणी मला बोलावून स्वतः बाजूला उभं राहिलं, तरी लावणार नाही.

शिरूरच्या एका प्रेसमधून पत्रकं छापून आली, तेव्हा मी गठ्ठा घरी नेला. वडील पाळीवरून आले होते. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. पहिली चूक काढली ती ही, की खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव नाही. दुसरी ही, की ठिकाण आणि वेळ नाही. मग ते शेवटच्या ओळीवर थांबले. मी त्यांना आप्पांचं सगळं सांगितलं; बैलाचं आणि गिधाडांचंही. ते आजोबांच्या फोटोकडं पाहतील असं मला वाटलं होतं. पाहिलं नाही.

“तू काय धरलंस?” त्यांनी विचारलं.

“डोकं.”

“आणि बाकीचं?”

“त्यांनी.”

तो कागद त्यांनी सवयीनं तीन घड्यांत दुमडला, घडीवरून नख फिरवलं आणि बाजूला ठेवला.

“आण बाकीची,” ते म्हणाले.